आसवांवरचे पतंग

संग्रहालयात पतंगांच्या पेट्या सांभाळणाऱ्या बाईंना त्या जंगलात पाठवलं होतं ते साध्याच कामासाठी. तिथली झाडं तोडायची की राखायची, हे एका पतंगावर ठरणार होतं. करड्या पंखांचा, जुन्या झाडाच्या सालीवर बसला की सालच होऊन जाणारा. तो इथं आहे का आणि कशावर जगतो, एवढं बघून यायचं.

वनरक्षक साठीकडे झुकलेला, शांत माणूस. त्याच्या चौकीमागे बाईंनी पांढरी चादर ताणली, दिवा लावला. नाना तऱ्हेचे पतंग आले. तो काही आला नाही.

"ते उजेडाला भुलत नाहीत, ताई," वनरक्षक म्हणाला. "दिवा मालवा आणि झोपा. येतील."

"झोपले तर दिसतील कसे?"

"दिसतील..."

बाई व्हरांड्यात आडव्या झाल्या. अंधाराला ओल्या सालीचा वास होता. सहा महिन्यांपूर्वी त्यांची धाकटी बहीण तापानं गेली होती. दिवसा त्या स्वतःला कामाला जुंपून घेत, डोळ्यांतून टिपूस काढत नसत. रडत त्या झोपेत.

पहाटे जाग आली ती गालावर काहीतरी मऊ भुरभुरल्यामुळे. दोन्ही पापण्यांच्या कडेला करडे पतंग बसले होते, केसाएवढ्या सोंडा डोळ्यांच्या कोपऱ्यांत लावून. दुखत नव्हतं. उलट, कितीतरी दिवसांनी कुणी कुरवाळत असावं तसं... बाई हलल्या नाहीत. उजाडता उजाडता ते उडाले आणि सालींत विरून गेले. एक तेवढा त्यांनी डबीत धरला.

आसवांतलं मीठ पिणारे पतंग असतात, हे त्यांना ठाऊक होतं. कोडं सुटलं होतं. अंगही कसं पिसासारखं हलकं झालं होतं. चहा घेता घेता त्या धाकटीबद्दल सहज बोलू लागल्या, "इतकी खिदळायची ना, की..."

आणि थांबल्या. कशी हसायची ती? चेहरा आठवत होता, नखं कुरतडायची ती सवय आठवत होती. हसणं मात्र नव्हतं. आठवायला जावं तर नुसती सामसूम.

नजर चुकवायला त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "ह्या कोण?"

वनरक्षकानंही पाहिलं, परक्याच्या कौतुकानं. "असेल माझीच कोणीतरी. छान आहे, नाही?" मग हळूच म्हणाला, "आजही राहा की..."

बाईंना राहावंसं वाटत होतं, भीती त्याचीच होती. मिळेल त्या गाडीनं त्या घरी आल्या.

टेबलावर डबी ठेवून अहवाल लिहायला बसल्या. पतंग आहे, झाडं तोडू नयेत. 'कशावर जगतो' ही जागा त्यांनी कोरीच ठेवली. डबीत पंख फडफडले. त्यांना ऐकू आली ती नुसती फडफड.

स्वयंपाकघरातून आई ओल्या हातांनी धावत आली.

"धाकटी हसली का गं आत्ता?"

"नाही, आई... कुणी नाही."

"मी ओळखत नाही होय तिचं हसणं? ऐक... पुन्हा हसली."

बाईंनी अडवायच्या आत आईनं डबीला कान लावला. तिचे डोळे भरून आले, आणि डबीतली फडफड वाढली.