चुना

वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून मी कुणाचं म्हणून ऐकून घेत नाही. आईचंसुद्धा. पण ती म्हणाली, "सृष्टी, मामाच्या घराक कपाट नाय गो. रविवारी टेम्पो येतलो. भाईंचा एकच पुस्तक ठेव, बाकीची लायब्ररीत जातली," तेव्हा मी पुस्तकं निवडायला बसले.

भाई म्हणजे माझे वडील. कणकवलीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. जूनमध्ये शिकवता शिकवताच कोसळले, ते गेलेच.

निवडता निवडता टेबलावर दोन उरली. जाडजूड होतं ते प्राचीन दर्शनांवरचं, भाईंना जवळजवळ पाठ. पातळ होतं ते आजच्या लोकांनी त्या दर्शनांचं काय केलं, त्यावरचं. "जुन्यांनी सांगलेला एक, आपण ऐकलेला भलताच," भाई हसायचे. हे अर्धंच वाचून झालेलं. विडा चघळत वाचायची सवय, त्यामुळे उलटलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला बोटाचा चुना. आई जेवायला हाका मारून दमायची. भाईंचं उत्तर ठरलेलं:

"अर्धा पुस्तक टाकून मी उठूचंय नाय!"

मग तो चुना पुढे सरकायला लागला.

आधी वाटलं, मीच नीट पाहिलं नसेल. पण रोज सकाळी आणखी काही कोपरे पांढरे. शेवटचा ओला. चुन्याची डबी तर आईने केव्हाच टाकलेली.

"आई, तू ह्या पुस्तकाक हात लावतंस?"

"माका बघवत पण नाय गो ता." ती तोंड फिरवून भांडी बांधत राहिली.

मी पुस्तक दप्तरात घातलं, चेन लावली, दप्तर उशाशी घेतलं. सकाळी कोपरा ओला. काताचा वास. भीती नाही वाटली, खरंच! पुस्तक छातीशी धरून मी वेड्यासारखी रडले.

मग उघडून पाहिलं. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं.

ते संपलं की भाई उठणार, कायमचे.

मी डिंक आणला. त्या प्रकरणाची सगळी पानं एकमेकांना चिकटवली, वर इस्त्री ठेवली.

"खंयचा पुस्तक ठेवलंस?" आईने विचारलं.

"ह्या. अर्धा रवलेला."

सकाळी पुस्तक होतं तसंच. डिंक घट्ट. नवा कोपरा एकही नाही.

"भाई?" मी हळूच म्हटलं.

उजवा डोळा चुरचुरत होता.

आरशात पाहिलं.

पापणीच्या कोपऱ्याला, उलटलेल्या पानाला असतो तसा, चुना. ओला.