हाताच्या आधी

रंगमंचावर टेबलं दोन. उजवीकडे दादाचा कीबोर्ड आणि त्याच्याशेजारी निवेदनाचा माइक. डावीकडे माझा लॅपटॉप, रबरी चौकोनांचा पॅड आणि दोघांच्या तारा जिथे येऊन मिळतात तो काळा डबा. मी पॅडवर बोट आपटते, त्याची खूण डब्यातून लॅपटॉपमध्ये जाते, तिथे तिचा आवाज बनतो आणि तो आवाज डब्यातून स्पीकरला जातो. या फेरीला वेळ लागतो. इवलासा, पण लागतो. हात पुढे, आवाज मागे. वहिनी याला वरातीमागून घोडं म्हणते.

घोडं वरातीपाशी आणायचं काम माझं. लॅपटॉप आवाजाचे घास करून गिळतो, त्या घासाला बफर म्हणतात. घास लहान केला की उशीर कमी होतो. फारच लहान केला की लॅपटॉपला ठसका लागतो आणि स्पीकर तडतडतात. दादा गेले कित्येक महिने एकच धोशा लावून होता, अजून कमी कर, आवाज हाताला लागत नाही.

त्या दुपारी ते हाताला लागणं गरजेचं होतं. मागच्या कार्यक्रमानंतर कुणीतरी पसरवलं होतं की ही भावंडं वाजवत नाहीत, सगळं घरून भरून आणतात आणि इथे नुसत्या माना डोलावतात. आयोजकबाईंनी तोंडावर सांगितलं, संध्याकाळी तुमच्या हातांवर कॅमेरा असेल, हात मागच्या पडद्यावर दिसतील. लोकांना पटलं तर पुढेही बोलावू. नाहीतर आपला रामराम. दादाने या वाजवण्यापायी नोकरी सोडली होती.

मी बफर अगदी खालच्या आकड्यावर आणला.

— तडतड का नाही?

सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेवर जो माणूस होता त्याला सगळे मीटर म्हणतात, कारण तो माणसांच्या तोंडाकडे बघतच नाही, मिक्सरच्या दिव्यांकडे बघतो. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे मान वळवली.

"तडतड का नाही?"

मी म्हटलं, नशीब. तो म्हणाला, मशीनला नशीब असलेलं त्याच्या पाहण्यात नाही.

मी पॅडवर बोट आपटलं. बोट आणि आवाज एकदम पडले. अगदी एकदम, जे कधीच होत नाही. पुन्हा आपटलं. या वेळी ढोलाचा ठोका आला तेव्हा बोट अजून हवेत होतं. नखभर वर.

पडद्यावरचं चित्र दिसावं म्हणून सभागृहातले दिवे मंद केले होते. तिसऱ्या रांगेतून वहिनी हसली. "वन्सं, आज घोडं वरातीच्या पुढे गेलं की."

तिला पडद्यावर दिसलं होतं. म्हणजे संध्याकाळी सगळ्यांनाच दिसणार होतं. खांबाएवढं माझं बोट, होऊन गेलेल्या आवाजावर सावकाश खाली येणारं.

मीटरचं म्हणणं, पडद्यावरचं चित्र उशिरा येत असेल. पण मी पडद्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या बोटाकडे बघत होते. मी बफर पुन्हा वाढवला. फरक नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. डब्याच्या तारा बदलल्या. आता ठोका बोटभर आधी यायला लागला.

दादा मात्र खुशीत होता. पालथ्या हाताने एक लकेर घेतली आणि म्हणाला, आता कसं हाताला लागतंय. डाव्या हाताची मूठ तो मधूनमधून उघडत होता, मिटत होता. सामानाची पेटी उचलून हात भरून आलाय, असं त्याने वहिनीला सांगितल्याचं मी ऐकलं होतं.

खुशीत का होता?

भुतापेक्षा चोर परवडला, त्याला पकडता तरी येतं. आवाज हाताच्या आधी येतो, म्हणजे तो हाताचा नाही. म्हणजे तो भरलेला आहे. आदल्या दिवशी लॅपटॉप कुणाकडे होता? दादाकडे. कॅमेऱ्याची धास्ती कुणाला होती? माझा हात चुकेल असं कुणाला वाटत होतं? मी लॅपटॉपचे सगळे कोपरे धुंडाळले. काही सापडलं नाही. म्हणजे व्यवस्थित लपवलं होतं.

— तू काही भरून ठेवलंयस का यात?

तो माझ्या टेबलापाशी आला. वहिनीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला.

"तू काही भरून ठेवलंयस का यात?"

चोराच्या मनात चांदणं. मी विचारलं, मी कशाला भरू.

"माझा हात हल्ली जड झालाय, तुला दिसतंच. मला सांभाळून घ्यायला केलं असशील. पण छोटे, खोट्याला मी हात लावणार नाही. त्यापेक्षा आज वाजवत नाही म्हणून सांगतो."

त्याचा चेहरा इतका खरा होता की माझा संशय वाढला.

कुणाला न सांगता मी एक करून पाहिलं. पॅडच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर घंटेचा आवाज ठेवलेला आहे. तो आमच्या कुठल्याच धूनमध्ये येत नाही. मी बोट ढोलावर नेलं. ढोलच वाजवायचा, असं ठरवलं.

स्पीकरमधून घंटा आली.

मी बोट तसंच धरलं. नाही वाजवणार. काहीच नाही वाजवणार. घंटा सभागृहभर पसरून विरायला लागली. तेवढ्यात खाली मीटरने कुठलीशी तार ओढली, पॅड टेबलाच्या कडेवरून घसरला, मी तो झेलला आणि माझा अंगठा कोपऱ्यातल्या चौकोनावर दाबला गेला.

आवाज आला नाही. त्याचा आवाज आधीच येऊन गेला होता.

योगायोग, मी मनात म्हटलं. पॅडमध्येही काहीतरी करून ठेवलंय.

— अहो.

मग मी दादाला पकडायचं ठरवलं. मोठे स्पीकर बंद करायला लावले, त्याच्या जवळचाही. हेडफोन फक्त माझ्या कानाला, त्यात त्याचा कीबोर्ड आणि माइक. दादाला म्हटलं, कधीच वाजवलं नाहीस असं काहीतरी वाजव. तुला ऐकू येणार नाही. ज्याला ऐकू येत नाही, तो भरलेल्या आवाजाबरोबर हात कसा जुळवेल?

तो हसला. अजून मीच चोर का, म्हणाला. मग वाजवायला लागला.

हेडफोनमध्ये जे आलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. हळू, खालच्या सुरातलं, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर रेललेली. त्याचे हात मागे होते. आता एका पूर्ण ओळीने मागे. मी एक ओळ ऐकायचे आणि मग त्याची बोटं ती पट्ट्यांवर गिरवायची. एकही सूर चुकत नव्हता.

पाठ केलं असेल. घरी, माझ्या मागे.

मग ओळ मध्येच तुटली.

खालचा एक सूर दाबून धरल्यासारखा राहिला, आणि गेला. हेडफोनमध्ये काहीच नाही. दादा वाजवत होता.

पकडला. भरलेलं संपलं होतं. मला चक्क हलकं वाटलं. मी हात वर करून त्याला थांबवणार होते.

माइकमधून स्टूल पडल्याचा आवाज आला.

"अहो."

वहिनीचा आवाज. माइकच्या अगदी जवळून.

"अहो, इकडे बघा ना. वन्सं, दिवे लावा. दिवे लावा ना."

मी मान वर केली.

दादा स्टुलावर बसला होता.

वहिनी तिसऱ्या रांगेत होती, बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती.

दादाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, पटलं ना आता, अशा अर्थी. त्याची बोटं त्या तुटलेल्या ओळीच्या पहिल्या सुरावर आली होती.