वाट पाहण्याची सोय

उमरपुरात पाणी कधी येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कुणाची तक्रारही नव्हती. नळदुरुस्तीपेक्षा नागरिकदुरुस्ती स्वस्त पडते हे नगरपालिकेच्या लक्षात आल्यापासून जवळजवळ प्रत्येकाच्या कानामागे तांदळाएवढी 'शमनी' बसली होती. मेंदू सतत पुढच्या क्षणाची तालीम करत असतो. तालीम आणि प्रयोग जुळले नाहीत की माणूस बिथरतो. शमनी प्रयोगाला हात लावत नसे. ती तालीमच पुसून टाके.

केतकी टिपणीसला पेसमेकरमुळे शमनी बसवता आली नव्हती. नवऱ्याला, पुष्करला, मात्र तिनेच बसवायला लावली होती. तिला भाजी आणायला जरा उशीर झाला की हा गॅलरीत येरझाऱ्या घालायचा, आणि ती आली की भांडायचा. शमनीनंतर घर शांत झालं.

मग ती दोन दिवसांसाठी कऱ्हाडला बहिणीकडे गेली. दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि मुक्काम पंधरवड्यावर गेला. तिने मुद्दामच फोन केला नाही. त्याचा येईल म्हणून थांबली. आला नाही. परतली तेव्हा पुष्करने हसून दार उघडलं आणि चहा टाकू का, विचारलं. एवढे दिवस कुठे होतीस, हे विचारलं नाही. ठरल्या दिवशी आली नाहीस तेव्हाच मन निवांत झालं, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

केतकीने शमनी बसवणारे डॉ. मुजावर गाठले.

"त्यांचं प्रेम शाबूत आहे, ताई," डॉक्टर म्हणाले. "आठवणींना आम्ही धक्का लावत नाही."

"प्रेमाचं नाही विचारत मी. त्याने वाट बघायला हवी होती."

"तीच तर तक्रार घेऊन तुम्ही आला होतात."

शमनी काढायला पुष्करची संमती लागणार होती, आणि सगळं छान चाललेलं असताना ती कशाला द्यायची, हे त्याला कळेना. शेवटी डॉक्टरांनी एक वाट सुचवली. पुसलेली तालीम पुन्हा बसते, पण तीच गोष्ट त्याच वेळी रोज घडत राहिली तरच. एकदा चुकलात की पाटी कोरी.

केतकी रोज संध्याकाळी बाहेर पडू लागली. काम काहीच नसे. बंद पडलेल्या टपाल कचेरीच्या पायरीवर एकटीच बसायची आणि सातच्या ठोक्याला घराची बेल वाजवायची. सगळ्या गावात वेळेवर येणारी ती एवढीच सेवा होती. काही आठवड्यांनी एके दिवशी बेलला हात लावण्याआधीच दार उघडलं.

"आता येशीलच म्हटलं," पुष्कर म्हणाला.

ती बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडली. नळाला पाणी नव्हतं. तिचं रडणं बाहेर ऐकू गेलं असणार.

सात वाजून गेल्यावर तो काय करील, हे तिला कळायला मार्ग नव्हता. त्यासाठी एकदा उशीर करावा लागला असता.

पावसाळा संपल्यावर कऱ्हाडहून फोन आला. बहिणीचं ऑपरेशन ठरलं होतं, जवळ कुणी नव्हतं. चारच दिवस येशील का, म्हणून विचारत होती. केतकीने घड्याळाकडे पाहिलं.

"नाही गं जमणार, माई," ती म्हणाली. "पुष्कर वाट बघतो ना माझी."



"नशीबवान आहेस," माई म्हणाली.