माइकवर कधीच न बोललेला माणूस

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलं. तेही रविवारी, भर दुपारी, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत.

त्या दोन खोल्या म्हणजे आमच्या गावाचं रेडिओ केंद्र.

दिवसभर गाणी. नुसती गाणी. आत्याने आणि तिच्या एका मित्राने मिळून ते सुरू केलं होतं. मित्राला सगळे ठेका म्हणायचे, कारण हाताशी टेबल आलं की याची बोटं वाजलीच! आत्या बोलायची, ठेका यंत्रं सांभाळायचा. भिंतींना जुन्या गाद्या त्यानेच ठोकल्या, गच्चीवरचा मनोरा त्यानेच उभा केला. पण माइकपुढे तो कधी बसला नाही. बोलताना अडखळायचा.

"मी तोंड उघडलं तर लोक रे... रेडिओ फोडतील," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

एका सकाळी त्याने गाणं लावलं आणि खुर्चीतच गेला.

गाणं संपलं... पुढचं लागलंच नाही.

त्यानंतर आत्याने एकटीने केंद्र रेटलं. पण पैसा घालणाऱ्या शेटजींनी ते परस्पर एका मोठ्या कंपनीला विकून टाकलं. त्या रविवारी शेवटचं प्रसारण. सोमवारपासून गाणी दुसऱ्या शहरातल्या कुठल्याशा कॉम्प्युटरवरून येणार होती.

कंपनीचा साहेब तंत्रज्ञाला घेऊन हजर होता. त्याने आत्यापुढे एक कागद सरकवला.

"मॅडम, एवढंच वाचा. केंद्र नव्या रूपात येतंय, बस. मेलेल्या माणसांच्या आठवणी नकोत."

आत्याने कागद पालथा घातला, त्यावर चहाचा कप ठेवला आणि माइक सुरू केला.

"श्रोतेहो, आज गाणी जरा थांबवते. हे केंद्र कसं उभं राहिलं ते सांगते."

आणि तिने सांगायला घेतलं. पहिल्याच दिवशी उंदराने वायर कुरतडली, ती कशी दातांनी सोलून जोडली. घरमालकाने वीज तोडली, तेव्हा ठेक्याने ट्रकच्या बॅटऱ्यांवर केंद्र कसं चालवलं. लग्न मोडलेल्या, नापास झालेल्या, नोकरी गेलेल्या माणसांनी कुठली कुठली गाणी मागितली.

काचेपलीकडून साहेब हातवारे करत राहिला. आत्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आणि ज्या सकाळी आमचा ठेका..."

खट्!

तंत्रज्ञाने मेन स्विच खाली ओढला होता. पंखा थांबला. लाल दिवा विझला.

"झालं," साहेब म्हणाला. "चला, खोली रिकामी करा."

"मी अर्ध्यावरून उठत नाही," आत्या म्हणाली. हेडफोन अजून तिच्या कानांवर होते.



मग जिन्यावर धावती पावलं.

खालचा सायकलवाला होता. हात ग्रीसने माखलेले, चेहरा पांढराफटक.

"ताई, तुमच्यानंतर हा कोण बोलतोय?"

"कोण बोलणार? केंद्र बंद केलंय यांनी."

"बंद कुठलं! माझ्या रेडिओवर चालू आहे. पुरुषमाणूस आहे. तुम्ही सोडलंत तिथूनच पुढे सांगतोय. आणि ताई... तो अडखळतोय."

तंत्रज्ञ गच्चीवर पळाला. त्याने मनोऱ्याची वायरच उपटली आणि ती हातात घेऊन खाली आला.

खिडकीतून खालचा रेडिओ ऐकू येतच होता. शब्द कळत नव्हते. नुसती लय... थांबत, चाचरत...

आणि बंद यंत्राला जोडलेल्या त्या हेडफोनमध्ये, आत्याच्या अगदी कानाशी, कुणीतरी श्वास घेतला.

"मॅडम, उठा! आधी बाहेर चला!" साहेबाचा आवाज चिरकला.

आत्याची बोटं गार पडली होती. तरी तिने शेजारची रिकामी खुर्ची माइककडे ओढली.

"त्याचं पुरं होऊ दे. इतकी वर्षं मीच बोलत आले. आज त्याची पाळी. मध्ये कुणी आलं तर याद राखा!"

तंत्रज्ञ आधी पळाला. त्याच्या मागोमाग साहेब, बॅग तिथेच टाकून.

आवाज बराच वेळ चालला. मग एक गाणं लागलं. मग काहीच नाही.

गावात कितीतरी जणांनी हे ऐकलं. कंपनी म्हणते, दुसरं एखादं केंद्र मध्ये घुसलं असेल. असेल बुवा! पण दुसऱ्या केंद्रावरचा माणूस आमच्या घरमालकाला शिव्या कशाला देईल?

आत्याने हार मानली नाही. दारोदार फिरली, माणसं जमवली, नवा परवाना मिळवला. त्याच दोन खोल्यांत तिचं स्वतःचं छोटं केंद्र आज सुरू आहे.

मला खटकतं ते वेगळंच.

त्या आवाजाचं शेवटचं बोलणं सायकलवाल्याने परत खाली जाऊन आपल्या रेडिओवर नीट ऐकलं होतं. केंद्राशी संबंध आलेलं कोण कुठे गेलं, ते एकेकाचं सांगून झाल्यावर तो आवाज म्हणाला होता,

"ताई मात्र इथून कुठे गे... गेल्याच नाहीत. शेवटपर्यंत."

आत्याला सांगितलं तर ती खदखदून हसली. "खरंच आहे की! कोण काढतो मला, बघू."

पण शेवट अजून झालाय कुठे? मग सगळं होऊन गेल्यासारखं तो का बोलला?

आत्या रोज एकटीच वर जाते. मी खाली सायकलवाल्याकडे उभा राहून ऐकतो. बोलता बोलता ती क्षणभर जरी थांबली...

माझा पाय पहिल्या पायरीवर असतो.