नानांच्या ओकचं थालीपीठ

आमच्या मंगळवस्तीत नियम एकच : जे झाड पोटाला देत नाही, त्याला जागा नाही. म्हणून नानांचा ओक महिनाअखेरच्या सोमवारी तोडणार होते. नाना म्हणजे माझे आजोबा, वनस्पतिशास्त्रज्ञ. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी पृथ्वीवरून आणलेली बी घुमटात लावली होती. ओक सदाहरित (वर्षभर पानं असलेला) होता आणि टोपीवाल्या बिया भरपूर द्यायचा. पण त्या इतक्या कडू, की तोंड वाकडं व्हायचं.

तोडायच्या कागदावर नानांनी स्वतःच सही केली होती. मला त्यांचा भारी राग आला.

मी बिया सोलून आठ दिवस पाण्यात भिजवल्या. चाखल्या. शी, तशाच कडू! रडकुंडीला येऊन वाडगा नानांसमोर आपटला.

"मैना, पाणी किती वेळा बदललंस?"

"बदलायचं? नाना, पाणी कुणी फेकतं का?" इथे भाजी धुतलेल्या पाण्यात आम्ही भांडी धुतो आणि त्याच पाण्यात पाय.

"ते पाणी चाटून बघ."

बियांइतकंच कडू लागलं.

"बियांत टॅनिन असतं (जास्त उकळलेल्या चहातही असतं, जीभ ओढून धरणारं). ते पाण्यात उतरतं. पण पाणीही तितकंच कडू झालं की उतरायचं थांबतं. पृथ्वीवर काही लोक बियांची टोपली वाहत्या ओढ्यात ठेवायचे."

"मग आपण काय करायचं? इथे कुठला ओढा?"

नाना कपाळावर हात मारून हसले. "अगं, शुद्धीकरण यंत्र आहे की! पाण्याची वाफ होते, टॅनिन खाली राहतं, वाफ थंड झाली की परत पाणी. थेंबही वाया जात नाही. बावीस वर्षं इथे राहून मीही तुमच्यासारखाच पाणी फेकायला घाबरणारा झालो बघ."

आम्ही बिया कुटल्या, म्हणजे पाणी आतपर्यंत शिरेल. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. मग पीठ वाळवून रविवारी थालीपीठ लावलं.

कोठार सांभाळणाऱ्या गोदाताईंनी तुकडा मोडला. मी श्वास रोखून बसले.

"जरा तुरट आहे," त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा मोडला. "पण पोटभरीचं आहे. राहू दे झाड."

नाना झाडाकडे बघत राहिले. माझा राग कधीच पळाला होता.

एक बी मी मागे ठेवली होती. ती कुंडीत लावली, तेव्हा गोदाताईंनी आपल्या वाट्याचं पेलाभर पाणी तिला घातलं.