खारपाटावरचा मूसा

प्रेत खारपाटावर उजव्या कुशीवर निजवल्यासारखे पडले होते. तोंड मक्केच्या दिशेला, डोळे मिटलेले. ओठ तहानेने फुटले होते, पण जबडा घट्ट मिटलेला. इन्स्पेक्टर सलवा गरीसी वाकली. हनुवटीखाली आणि पायांच्या अंगठ्यांभोवती कापड बांधल्याचे ठसे होते. कापड मात्र कुठेच नव्हते.

"हात लावलात?"

"नाही बाई," मेंढपाळ म्हणाला. "कुत्री जमलेली दिसली, तसा लांबूनच फोन केला."

सीमेवरच्या या गावात दोन देशांची बोलणी आज संपायची होती. बंद पडलेला व्यापारी नाका उघडणार होता. त्या बदल्यात दक्षिणेकडून आलेली, गावच्या मिठाच्या कोठारात कोंडून ठेवलेली परकी माणसे पलीकडे धाडली जाणार होती. बोलण्यांचा सचिव हातेम झरूकी हॉटेलच्या दारातच भेटला. आतून मटण-कुसकुसचा वास येत होता. सलवाने त्याला प्रेताचे सांगितले.

"मूसा ना? काल दुपारी कोठारातून पळाला. मी स्वतः पाहिला," तो म्हणाला. "सलवाबाई, सह्या होईपर्यंत जरा सबुरीनं घ्या. अख्ख्या गावाची चूल त्या नाक्यावर पेटते."

"किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडेच. पहारेकरी काल इथं पलीकडच्या पाहुण्यांच्या स्वागताला उभे होते."

"मग दार?"

"हवेसाठी उघडं ठेवलेलं. आपण काय कसाई आहोत?"

मिठाच्या त्या पत्र्याच्या कोठारापाशी बस उभी होती. माणसे चढवली जात होती. मृताची बायको सोलांज हिला सलवाने बाजूला घेतले आणि आधी नवरा गेल्याचे सांगितले.

"त्याचं नाव थिएरी," ती म्हणाली. "मुसलमानी नाव सांगितलं की मार कमी पडतो असं ऐकलं, म्हणून या कोठाराच्या फाटकावर मूसा सांगितलं. आम्ही ख्रिस्ती. शर्टाच्या आत क्रूस शिवलाय मी."

"तो तुमच्याच खोलीत होता?"

"पाहुण्यांशी बोलायचं म्हणाला, म्हणून शेजारच्या खोलीत एकट्याला कोंडलं. दुपारभर पत्रा बडवत होता. मग थांबला. नंतर दार उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, पाणी आलं."

सलवा हॉटेलात परतली. ताटे उचलली जात होती, सह्यांसाठी टेबल पुसले जात होते.

"हातेमसाहेब, एकटा मरणारा माणूस तोंड उघडं टाकून मरतो," ती म्हणाली. "जबडा बांधायचा तर देह ताठण्याआधी. म्हणजे प्राण गेला तेव्हा कुणीतरी जवळच होतं."

"शेवटी तोच मक्केकडे वळला असेल बिचारा."

"तो ख्रिस्ती होता. त्याला मूसा समजत होती ती फक्त कोठाराच्या फाटकावरची माणसं. बायकोनं त्याला पत्रा बडवताना ऐकलं, म्हणजे दार बंद होतं. आणि पहारेकरी इथं ओळीत उभे असताना किल्ली एकाच खिशात होती."

हातेम खुर्चीवर बसला.

"पाहुण्यांचं स्वागत उरकेपर्यंतच कोंडणार होतो. दार उघडलं तेव्हा घरघर लागलेली. पण मी त्याला टाकून नाही दिलं हो. डोळे मिटले, जबडा बांधला, कलमा म्हटला. आपल्यातल्या माणसासारखं सगळं केलं."

"आणि पळून मेला असं दिसावं म्हणून खारपाटावर नेऊन ठेवलंत, कापडं सोडून घेतलीत."

त्याने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मरणाऱ्याच्या ओठांना पाणी लावतात आपल्यात," सलवा म्हणाली. "ते तेवढं राहिलं."

टेबलापाशी थांबलेल्या पलीकडच्या देशाच्या प्रतिनिधीने घसा खाकरला. "बाई, यांना नेण्याआधी सह्या उरकता येतील का? पेन तयार आहे."

हातेमला सोबतच्या शिपायाच्या हवाली करून सलवा कोठाराकडे निघाली. बस सुरू झाली होती.

"सोलांज, उतर. तू साक्षीदार आहेस."

"एकच ना?" ड्रायव्हर वैतागला. "बाकीच्यांना नेऊ?"

सलवाने खिडक्यांतले चेहरे पाहिले.

"पत्र्याचा आवाज काय एकटीलाच ऐकू गेला? सगळ्यांना उतरव. आणि आधी पाणी आण."