चौदावा प्रश्न

नोव्हेंबरातल्या ज्या वादळाला अलेक्झांड्रियाचे लोक 'झाडू' म्हणतात, ते त्या वर्षी दोन दिवस आधीच आलं. नशवाला त्यानं करमूज वस्तीतल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्यात गाठलं. डोक्यावरचा रुमाल निथळत होता, बुटांत पाणी होतं आणि पिशवीतले सरकारी पाहणीचे अकरा कोरे फॉर्म एकमेकांना चिकटून बसले होते.

तिसऱ्या मजल्यावर एका तरुणानं दार उघडलं. अंगात परीटघडीचा पांढरा शर्ट. अशा हवेत! तिनं आधी शर्टाकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं... आणि चेहऱ्यावर जरा जास्त वेळ थांबली.

"एकाहून जास्त कामं करणाऱ्यांची पाहणी आहे," ती म्हणाली. "दहा मिनिटं लागतील."

"आत या. पण दहा मिनिटांत तुम्ही वाळणार नाही."

त्याचं नाव शिहाब, वय एकोणतीस. घरात तो आणि त्याची आई, इनायातबाई. बाईंनी काही न विचारता मसुरीच्या गरम सुपाचा वाडगा नशवासमोर ठेवला आणि त्या परत स्वयंपाकघरात गेल्या. शिहाब न्यायालयाच्या दफ्तरखान्यात कारकून होता. वेळ आठ ते दोन.

चौदावा प्रश्न तिनं छापील शब्दांतच विचारला. गेल्या सात दिवसांत, एक तास का होईना, मोबदल्यासाठी दुसरं काही काम केलं का?

"नाही."

फारच चटकन आलेलं 'नाही' होतं. सरकारी नोकराला परवानगीशिवाय दुसरं काम करता येत नसे, त्यामुळं असली 'नाही' तिला रोज दहा भेटत. तिनं पेन टेकवला आणि ओल्या कागदावर शाई पसरली.

"थांबा," तो म्हणाला. त्यानं फॉर्म तिच्या हातून घेतले, टेबलावर घोंगडी अंथरली, कागदांवर पातळ फडकं घातलं आणि इस्त्री तापवली. नशवा सूप पीत बघत होती. हात सराईत होताच. पण टेबलाखाली त्याचा उजवा पायही पुढंमागं सरकत होता, जणू खाली आणखी एक इस्त्री होती. पायानं रेटायच्या त्या जड लोखंडी इस्त्र्या शहरातल्या जुन्या दुकानांत अजून होत्या. त्यांच्यावर वर्षानुवर्षं उभा राहिलेला पायच असा आपणहून चालतो.

तिला कळलं. पण पाहणीचा नियम होता की, उत्तर देणाऱ्याच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. त्यानं तिच्या नजरेचा माग घेत खाली पाहिलं, आणि पाय थांबला.

"पुन्हा विचारा," तो हळूच म्हणाला.

तिनं तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारला.

"हो... पण हे कोण वाचणार?"

तिनं शपथ घेतली होती, ती त्याला सांगितली. त्याच्या साहेबांना नाही, शेजाऱ्यांना नाही, तिच्या स्वतःच्या घरीसुद्धा नाही.

"मग लिहा. बाकोसला एका दुकानात इस्त्री करतो. चार ते आठ." त्यानं इस्त्री बाजूला ठेवली. "आईखेरीज हे कुणाला माहीत नाही. आता तुम्ही."

पाहणी वर्षभराची होती. दर तीन महिन्यांनी तेच घर, तेच प्रश्न. फेब्रुवारीत तो प्रश्नांच्या आधीच उत्तरं देऊ लागला आणि तिनं त्याला दटावलं. मे महिन्यात त्यानं वाटीभर जर्दाळू पुढं करून उलट तिलाच विचारलं, की तुमची कामं किती? सकाळी बालवाडी, दुपारी पाहणी, ती म्हणाली.

"म्हणजे दोन. मुख्य कुठलं?"

"ज्याला जास्त तास जातात ते."

"या घरात तुमचे किती तास जातात?"

"दहा मिनिटं."

"मागच्या वेळी पन्नास झाली होती. मी घड्याळ लावलं होतं."

तिनं मान खाली घालून लिहिल्यासारखं केलं. फॉर्मच्या चौकटीत लिहायला काहीच नव्हतं.

ऑगस्टची फेरी शेवटची. सही झाल्यावरही तो दारात उभा राहिला.

"आता येणार नाही?"

"नाही. तुमचं घर यादीतून गेलं."

"मग मीच येऊ म्हणतो. तुमच्याकडं... वडिलांना भेटायला."

तिच्या हातातलं पेनाचं टोपण पडलं आणि जिन्यावरून दोन पायऱ्या खाली गेलं. ती ते उचलायला गेली नाही. "ते विचारतील, काय करता. मला मधे बोलता येणार नाही."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "माझं मी सांगेन."

नशवाचे वडील, हाजी बयूमी, ट्रामचे निवृत्त तिकीट तपासनीस होते. समोर बसलेल्या प्रत्येकाकडं ते, याच्यापाशी तिकीट नसणार, अशा नजरेनं बघत. बायको गेल्यापासून घरात ते आणि नशवा दोघंच. गुरुवारी संध्याकाळी इनायातबाई मुलाला घेऊन आल्या. वाटेत त्यांनी त्याला तीनदा बजावलं होतं, की इस्त्रीचं नाव काढलंस तर चहासुद्धा मिळणार नाही.

चहा मिळाला. हाजींनी शांतपणे सांगितलं, की पोरीची आधीच दोन कामं आहेत, लग्नानंतर तिसरं करायची वेळ यायला नको. एका कारकुनाच्या पगारात घर चालत नाही. मग दुपारी दोननंतर काय करता?

शिहाबनं आईकडं पाहिलं. "घरी... आईला मदत करतो."

एक वाक्य, फक्त एक वाक्य नशवाच्या जिभेवर होतं.

हाजींनी कप खाली ठेवला. सगळं शेवटी नशिबाचं असतं, असं ते अगदी सौम्य आवाजात म्हणाले. नकार द्यायची त्यांची हीच पद्धत होती. मग काहीतरी आठवल्यासारखं करून ते मुलीकडं वळले. "तू यांच्या घरी चारदा जाऊन आलीस. हा माणूस दुपारचा काय करतो?"

"मला सांगता येणार नाही, बाबा."

"माहीत नाही, की सांगता येत नाही?"

"सांगता येत नाही."

हाजींच्या भुवया चढल्या. "म्हणजे काहीतरी आहे. आणि ते बापाला सांगण्याजोगं नाही. चोरटा माल विकतो का हा?"

इनायातबाईंनी डोळे मिटून घेतले. नशवाचे ओठ पांढरे पडले होते, पण तिनं ते उघडले नाहीत. शिहाबनं ते पाहिलं. ही मुलगी आपल्याला गमावेल, पण दिलेला शब्द मोडणार नाही... आणि आपण बसलोय शर्टाची कॉलर सांभाळत.

"काका, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मी इस्त्रीवाला आहे. बाकोसला, चार ते आठ. सात वर्षं झाली."

"पायाची?"

"पायाची. परवानगी घेतलेली नाही, लाज वाटायची म्हणून. उद्या सुट्टी, शनिवारी अर्ज देतो."

हाजींनी त्याच्या उजव्या पायाकडं पाहिलं. मग नशवाला म्हणाले, "एवढंच होतं, तर बोलली का नाहीस? मी याला वाटेला लावत होतो."

"त्यांनी विश्वासानं सांगितलं होतं, बाबा."

"आणि लावलं असतं तर?"

"तर रडले असते," ती म्हणाली. "पण सांगितलं नसतं."

शिहाबनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. ती इतक्या लोकांसमोर असं काही बोलेल, हे त्याला वाटलं नव्हतं. तिलाही वाटलं नव्हतं.

"हिच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही," हाजी त्याला म्हणाले. "माझी एवढीच अट. सरबत काढ गं, नशवा."

होकाराला गुलाबाचं सरबत लागतं, आणि घरात ते नव्हतं. हाजींनाच नकाराची खात्री होती, म्हणून त्यांनी आणलं नव्हतं. ते पुटपुटत उठले, चपला घातल्या आणि जिना उतरले.

इनायातबाई लगबगीनं सज्जात गेल्या आणि या दोघांकडं पाठ करून खाली वाकल्या. "अगंबाई, हाजी तर धावताहेत," त्या म्हणाल्या. "दुकान बंद होत आलंय वाटतं."

आत कुणालाच घाई नव्हती.